तिरोडा ते शिरोडा: दिवस भरायच्या आधी येणाऱ्या बाळाची खूण

इतिहासाच्या आपल्या गप्पांचा हा नवा भाग. ऐकायला साधारण अठरा-वीस मिनिटं लागतात. बसमध्ये हेडफोन सापडत नसेल तर हे लिखित रूप आहेच, निवांत वाचा.

आजचा प्रश्न असा: बाळ दिवस भरायच्या आधी येणार आहे, हे आधी कळू शकतं का?

प्रश्न साधा वाटतो. पण तिरोड्यात बसून विचारला की त्याचं वजन कळतं. इथल्या एखाद्या बाईला आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच कळा सुरू झाल्या तर पुढचा रस्ता घरातल्या सगळ्यांना पाठ असतो. आधी तिरोड्याचं उपजिल्हा रुग्णालय, मग १०८, मग तीसेक किलोमीटरवर गोंदियाचं बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय, आणि अगदीच वेळ आली तर शंभरेक किलोमीटरवर नागपूर. बाळ दीड किलोचं असेल, तर या रस्त्यावरचा प्रत्येक तास मोजावा लागतो. हेच जर दोन-चार आठवडे आधी कळलं तर? तर गाडी, पैसे, रक्त, दवाखाना, सगळं ठरवून ठेवता येईल. म्हणून डॉक्टर, शास्त्रज्ञ, सुईणी आणि सासवा, सगळ्यांनी आपापल्या परीनं या गोष्टीची खूण शोधली आहे.

आधी एक व्याख्या, म्हणजे पुढे गोंधळ नको. गरोदरपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ४० आठवडे म्हणजे दिवस पूर्ण भरले. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत बाळ आलं तर ती मुदतपूर्व प्रसूती. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. जगात अशी जी बाळं जन्मतात, त्यांतलं पाचातलं एकाहून जास्त आपल्याकडचं.

आणि ‘खूण’ म्हणजे काय? डॉक्टरांच्या भाषेत मार्कर किंवा बायोमार्कर. शरीरात मोजता येईल अशी एखादी गोष्ट, जी पुढे काय होणार याचा अंदाज देते. रक्तातलं एखादं प्रथिन, गर्भाशयाच्या तोंडाची लांबी, डीएनएमधला एखादा बदल. या खुणांच्या शोधाचा इतिहास आज सांगतो. त्यात गोव्याचं शिरोडा आहे, पुणे आहे, नागपूर-बेळगाव आहे, गडचिरोली आहे, आणि शेवटी आपण तिरोड्यात परत येणार आहोत.

पहिली खूण: तारीख

सगळ्यात जुनी खूण म्हणजे महिने मोजणं. आणि महिन्यांबद्दल एक समज आजही घरोघरी ऐकू येतो: सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. हा समज फक्त आपला नाही. चरकसंहितेत म्हटलं आहे की आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यात अस्थिर असतं, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा. तिकडे प्राचीन ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटीसच्या नावावर जे ग्रंथ आहेत, त्यांत आठव्या महिन्याच्या बाळावर वेगळं प्रकरणच आहे. मतही तेच.

हा समज चुकीचा आहे, हे आज पक्कं माहीत आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. सातव्यापेक्षा आठवा बरा, आठव्यापेक्षा नववा. मग इतकी माणसं इतकी शतकं फसली कशी? एक कारण असं की महिने मोजायचीच पक्की सोय नव्हती. पाळीची तारीख कोण लिहून ठेवणार? जगलेलं बाळ ‘सातमाशी’ म्हणून गावाच्या लक्षात राहायचं. आणि खरं सांगायचं तर, लग्नानंतर सातव्या महिन्यात आलेल्या धडधाकट बाळालाही ‘सातमाशी’ म्हणून मोकळं होता यायचं!

तुमच्या फोनमधलं ॲप प्रसूतीची तारीख सांगतं ना, त्यामागे एकोणिसाव्या शतकातला हिशेब आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्गचे डॉक्टर फ्रान्झ नेगेले यांच्या नावानं तो ओळखला जातो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. झालं. पण हा हिशेब धरून चालतो की पाळी दर २८ दिवसांनी येते आणि बाईला तारीख नेमकी आठवते. पाळी पुढेमागे होत असेल किंवा आधीचं मूल अंगावर पीत असताना पुन्हा दिवस राहिले, तर हा हिशेब कोसळतो.

झाडीपट्टीत यावर एक देशी उपाय आहे. तारीख आठवत नसेल तर सणावरून आणि शेतीवरून विचारायचं. पोळ्याच्या आधी की नंतर? रोवणी सुरू होती की धान कापणीला आलं होतं? यातून आठवडा-दोन आठवड्यांच्या फरकानं का होईना, उत्तर मिळतं. हा आठवडा-दोन आठवड्यांचा फरक लक्षात ठेवा. पुढे त्याची मोठी किंमत मोजावी लागल्याची गोष्ट येणार आहे.

अडीच किलोची रेघ

तारीख भरवशाची नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी दुसरी खूण पकडली. वजन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये काम करणारे फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी २,५०० ग्रॅमची रेघ मारली. त्याच्या आतलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. काटा खोटं बोलत नाही, आईच्या आठवणीवर अवलंबून राहायला नको. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही ही रेघ उचलली.

ही रेघ युरोपातल्या बाळांवर बेतलेली होती. आपल्याकडे ती लावली की पूर्ण दिवसांची हजारो बाळं कागदोपत्री अपुऱ्या दिवसांची ठरायची. दिवस भरलेले, बाळ ठीक, फक्त आई लहान चणीची आणि आयुष्यभर अर्धपोटी, म्हणून बाळ सव्वादोन किलोचं. शेवटी १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कमी वजनाचं बाळ वेगळं, कमी दिवसांचं बाळ वेगळं.

हा फरक किती मोठा आहे, ते पुण्याजवळच्या खेड्यांनी दाखवलं. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा गावांमधल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदर राहण्याआधीपासून त्यांची नोंद ठेवली. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. विचार करा. एकाच दिवशी, तितकेच आठवडे भरून जन्मलेली दोन बाळं, आणि फरक आठशे ग्रॅमचा. साउदॅम्प्टनची फूटपट्टी पुण्याच्या बाळाला लावली तर उत्तर चुकणारच.

इथून एक धडा मिळतो, आणि आजच्या सगळ्या गोष्टीचा तो कणा आहे. कुठलीही खूण समोर आली की दोन प्रश्न विचारायचे. ही खूण कोणाच्या शरीरावर तपासली? आणि ती सापडल्यावर करायचं काय?

शिरोड्याचे शिरोडकर

दुसऱ्या प्रश्नाचं सगळ्यात सुंदर उत्तर एका मराठी माणसानं दिलं. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म १८९९, गोव्यातलं शिरोडा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, इंग्लंडला जाऊन एफआरसीएस झाले आणि परत येऊन जे.जे. रुग्णालयात शिकवू लागले.

त्या काळात अशा बायका यायच्या ज्यांचं मूल चौथ्या ते सातव्या महिन्यात जायचं. एकदा नाही, चार-चार, पाच-पाच वेळा. कळा फारशा नाहीत, ताप नाही, आणि अचानक सगळं संपलेलं. डॉक्टर सांगायचे, पडून राहा. हार्मोनची इंजेक्शनं द्यायचे. उपयोग होत नसे. घरी काय बोललं जात असेल, ते वेगळं सांगायला नको. पायगुण, नजर, करणी. कित्येकींवर सवत आली.

शिरोडकरांनी काय केलं? पाहिलं. अशा बायकांना चौथ्या महिन्यापासून पुन्हा पुन्हा तपासलं. काहींमध्ये त्यांना दिसलं की गर्भाशयाचं तोंड, जे नवव्या महिन्यापर्यंत घट्ट मिटलेलं असायला हवं, ते कुठलीही कळ न येता हळूहळू उघडतंय. म्हणजे दोष ना हार्मोनचा, ना नशिबाचा. पिशवीचं तोंड सैल आहे, एवढंच. ही झाली खूण. तपासणाऱ्या डॉक्टरच्या बोटाला कळणारी खूण.

आणि खुणेला जोडूनच उपाय. बाईच्या मांडीतल्या स्नायूवरच्या चिवट आवरणाची एक पट्टी काढायची आणि ती गर्भाशयाच्या तोंडाभोवती, आतल्या टोकाशी, नाडीसारखी आवळून बांधायची. १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत ‘अँटिसेप्टिक’ या भारतातल्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. बघता बघता ती जगभर गेली. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या इयान मॅकडॉनल्ड यांनी अशाच टाक्याची सोपी पद्धत मांडली. आज लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत डॉक्टर ‘शिरोडकर स्टिच’ म्हणतात, तो आपल्या शिरोडकरांचा. आपल्याकडे बायका नुसतं म्हणतात, ‘पिशवीला टाका घातलाय.’ १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते गेले.

पण इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगू. टाका प्रसिद्ध झाला तसा तो सरसकट घातला जाऊ लागला. एकदा गर्भपात झाला, घाला टाका. शेवटी ब्रिटनमध्ये पुढाकार घेऊन अनेक देशांत मिळून १,२९२ बायकांवर चाचणी झाली आणि १९९३ मध्ये निकाल आला. ज्यांची मुलं पूर्वी तीन किंवा जास्त वेळा लवकर आली होती, त्यांना टाक्याचा स्पष्ट फायदा. बाकीच्यांना फारसा नाही. म्हणजे टाका चांगला, पण खूण ओळखून घातला तर. शिरोडकरांनी स्वतः निवडलेल्या बायका तशाच होत्या, हे विसरायला नको.

आणखी एक. या आजाराला इंग्रजीत नाव पडलं ‘इन्कॉम्पिटन्ट सर्व्हिक्स’. शब्दशः, नालायक तोंड. आधीच चार मुलं गमावलेल्या बाईला डॉक्टरनं सांगायचं की तुझा अवयव नालायक आहे! आता ते नाव मागे पडत चाललंय. पण खुणेला नाव देताना बाईवर ठपका ठेवायची सवय किती जुनी आणि किती जगभरची आहे, ते यातून दिसतं.

बोटावरून सोनोग्राफीवर, सोनोग्राफीवरून रक्तावर

शिरोडकरांच्या बोटाला जे कळायचं, ते पुढे सोनोग्राफीवर मिलिमीटरमध्ये मोजता येऊ लागलं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास तीन हजार बायकांचा अभ्यास छापून आला. २४व्या आठवड्यात गर्भाशयाच्या तोंडाची लांबी सरासरी ३५ मिलिमीटर. जितकी आखूड, तितका धोका जास्त. आजही भरवशाची मानली जाणारी खूण हीच. आणि इथेही खुणेला जोडून उपाय आहे: तोंड आखूड असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या योनीमार्गात ठेवायला देतात, काहींना टाका.

त्याच दशकात शास्त्रज्ञ रेणूंच्या मागे लागले. १९९१ मध्ये फीटल फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनाची चाचणी आली. हे प्रथिन म्हणजे बाळाभोवतीचं आवरण आणि गर्भाशय यांना चिकटवणारा डिंक. मधल्या महिन्यांत तो योनीमार्गात सापडायला नको. सापडला, तर कुठेतरी चिकटलेलं सुटायला लागलंय. या चाचणीची गंमत अशी की ती ‘होय’ म्हणाली तर खात्री नाही, पण ‘नाही’ म्हणाली तर पुढचा आठवडा-दोन आठवडे बऱ्यापैकी निश्चिंत राहता येतं.

१९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात रॉजर स्मिथ यांच्या गटानं आणखी भारी कल्पना मांडली. वारेत, म्हणजे प्लासेंटात, एक घड्याळ असतं. वार सीआरएच नावाचं हार्मोन सोडते, आणि ज्यांच्या रक्तात ते लवकर वाढतं त्यांची प्रसूती लवकर होते. कल्पना अजूनही अभ्यासली जाते. दवाखान्यात वापरता येईल अशी भरवशाची चाचणी मात्र त्यातून निघाली नाही.

२०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या स्टीफन क्वेक यांच्या प्रयोगशाळेनं आईच्या रक्तात तरंगणाऱ्या आरएनएच्या तुकड्यांवरून गरोदरपणाचे आठवडे आणि मुदतपूर्व प्रसूतीचा धोका सांगायचा प्रयत्न केला. बातमी जगभर गाजली. पण आठवडे मोजायचा पाया होता डेन्मार्कमधल्या ३१ बायका. आपला पहिला प्रश्न आठवा: कोणाच्या शरीरावर तपासलं?

आणि औषधांचं काय? अमेरिकेत मुदतपूर्व प्रसूती टाळायला प्रोजेस्टेरॉनसारखं एक इंजेक्शन २०११ मध्ये मंजूर झालं. मोठी चाचणी झाली तेव्हा फायदा दिसला नाही. २०२३ मध्ये मंजुरी काढून घेतली. बारा वर्षं बायकांनी ते टोचून घेतलं.

एकोणीस जागा

डीएनएची गोष्टही अशीच. २०१७ मध्ये ४३ हजारांहून जास्त बायकांचा डीएनए तपासून गरोदरपणाच्या मुदतीशी जोडलेल्या काही जागा सापडल्या. त्या सगळ्या बायका युरोपीय वंशाच्या.

आपल्याकडे उत्तर शोधायला २०१५ मध्ये ‘गर्भिणी’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा पैसा, फरिदाबादची टीएचएसटीआय ही संस्था, आणि बायका हरियाणातल्या गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच नोंद, वारंवार सोनोग्राफी, रक्ताचे नमुने. २०२३ मध्ये या प्रकल्पातल्या सहा हजारांहून जास्त बायकांच्या डीएनएचा अभ्यास छापून आला. मुदतपूर्व प्रसूतीशी संबंध दिसणाऱ्या १९ जागा सापडल्या. त्यांतल्या काही सूज आणि प्रतिकारशक्तीशी, काही गर्भाशयाचं तोंड मऊ होण्याशी जोडलेल्या.

वाचून कुणाला वाटेल, चला, आता तिरोड्यात रक्त द्यायचं आणि कळेल. तसं नाही. डीएनएतली एकेक जागा धोका थोडासाच पुढेमागे करते. आज या १९ जागांवर आधारलेली कुठलीही तपासणी दवाखान्यात होत नाही. कुणी खासगी लॅब तसं विकायला आली तर पैसे वाचवा. या कामाचं महत्त्व वेगळं आहे. पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर हा प्रश्न भारतातल्या बायकांच्या शरीराला विचारला गेला. आणि गुरुग्रामचं उत्तर गोंदियाच्या गोंड, हलबी किंवा पोवार घरातल्या बाईला जसंच्या तसं लागू होईलच असंही नाही. फूटपट्टी जवळ आली, दारात अजून आलेली नाही.

रंगीत पट्टीची गोष्ट

आता मघाशी सांगितलेली ती गोष्ट. तारीख चुकली तर काय होतं?

मुदतपूर्व प्रसूती होणार असं दिसलं तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. १९७२ पासून हे माहीत आहे, आणि मोठ्या रुग्णालयांत यानं लाखो बाळं वाचली आहेत. मग विचार आला, हेच इंजेक्शन खेड्यापाड्यात दिलं तर? त्यासाठी सहा देशांत एक प्रचंड चाचणी झाली. त्यात भारतातली दोन ठिकाणं होती: बेळगाव आणि नागपूर. म्हणजे एक आपल्या सीमेवरचं आणि एक विदर्भातलं. जवळपास एक लाख प्रसूती मोजल्या गेल्या.

खेड्यात सोनोग्राफी नव्हती. शेवटच्या पाळीची तारीखही आठवत नसेल, तर पोटाचा आकार मोजायची एक रंगीत पट्टी दिली होती. अमुक रंगात पोट आलं तर दिवस कमी आहेत, इंजेक्शन द्या.

२०१५ मध्ये निकाल आला आणि सगळे हादरले. अगदी छोट्या बाळांना फायदा दिसला नाही. उलट ज्या भागांत इंजेक्शनं दिली गेली, तिथे एकूण नवजात बाळांचे मृत्यू थोडे जास्तच झाले. हजारी २४च्या आसपास होते, ते २७च्या वर गेले. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त दिसली. कारणांवर पुढे बरीच चर्चा झाली. एक गोष्ट मात्र ठळक होती: ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यांतल्या बहुतेकींची बाळं तितकी लहान नव्हतीच. खूणच चुकली होती.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं पुन्हा चाचणी केली, त्यातही भारत होता. पण या वेळी फक्त रुग्णालयांत, सोनोग्राफीनं आठवडे पक्के करून, आणि लहान बाळाला सांभाळायची सोय असेल तिथेच. २०२० मध्ये निकाल आला: मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर. दर २५ बायकांमागे एक बाळ वाचलं. औषध एकाच जातीचं. फरक पडला तो आठवडे नक्की माहीत असण्यानं आणि पुढची काळजी हाताशी असण्यानं.

म्हणूनच मला ‘गर्भिणी’ प्रकल्पातली १९ जागांपेक्षाही मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. याच बायकांच्या सोनोग्राफीच्या आकड्यांवरून आयआयटी मद्राससोबत त्यांनी गरोदरपणाचे आठवडे मोजायचं भारतीय सूत्र तयार केलं. २०२४ मध्ये जाहीर झालेलं हे सूत्र उशिरा नोंद झालेल्या बाईच्या बाबतीत परदेशी सूत्रांपेक्षा बरंच कमी चुकतं. बातमी म्हणून ती फिकी आहे. कामाची मात्र पहिल्या नंबरची.

खूण नसतानाही

शेजारच्या गडचिरोलीनं तर वेगळाच रस्ता दाखवला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९०च्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. त्यांच्या हातात काय होतं? वजनकाटा, बाळाला ऊब देणारी कापडी पिशवी, श्वास सुरू करायचं साधन, काही औषधं आणि भरपूर प्रशिक्षण. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. पुढच्या वर्षांत कमी दिवसांच्या बाळांचा वेगळा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की जिथे आधी तीनातलं एक दगावत होतं, तिथे आता दहातलं एक. २०११ पासून हीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. प्रसूतीनंतर ज्या तुमच्या घरी वहीपेन्सिल घेऊन बाळाचं वजन करायला येतात ना, त्या या इतिहासाचा भाग आहेत.

बाळ लवकर येणार हे त्यांना आधी कळत नव्हतं. आल्यावर काय करायचं, ते मात्र पक्कं माहीत होतं.

तिरोड्यात आज कोणत्या खुणा मोजता येतात?

बऱ्याच. आणि त्यांतल्या बहुतेक सरकारी दवाखान्यात फुकट.

पहिली, आपल्या भागाची खास: सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आजार आहे, हे १९५८ मध्येच नागपूरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. दोन्ही आईबापांकडून सिकलचा जीन मिळालेली बाई रुग्ण असते, आणि गरोदरपणात तिला मुदतपूर्व प्रसूतीचा, रक्त कमी पडण्याचा, अंगदुखीच्या झटक्यांचा धोका जास्त. एकाकडूनच मिळाला तर ती वाहक, तिला सहसा त्रास नसतो. पण नवराही वाहक असेल तर प्रत्येक वेळी बाळ रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. तपासणी बोटाच्या थेंबभर रक्तावर सुरू होते. ही खूण आपल्या मातीतल्या बायकांवर तपासलेली आहे, आणि कळल्यावर करायला पुष्कळ काही आहे. म्हणजे आपल्या दोन्ही प्रश्नांत पास.

दुसरी: तंबाखू. खर्रा आपल्याकडे पुरुषच खातात असं कुणी म्हणत असेल तर त्यानं रोवणीच्या बांधीत एकदा जाऊन यावं. २००४ मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला. मिश्री, तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी आणि सहा दिवस आधी आलेली. सरासरी सहा दिवस म्हणजे काहींच्या बाबतीत कितीतरी आठवडे. इथे लॅब लागत नाही. विचारावं लागतं, आणि तेही ओरडल्याशिवाय.

मग बाकीच्या: हिमोग्लोबिन, रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि जंतुसंसर्ग, साखर. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, ‘आधीचं मूल लवकर आलं होतं का?’ हे ‘होय’ असेल, तर जगातल्या कुठल्याही महागड्या चाचणीइतकीच ती मोठी खूण आहे. डॉक्टरला ती न विचारता सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून तपासणी असते, २०१६ पासून. धोका दिसला तर कार्डावर लाल खूण करतात. लाल खूण म्हणजे बाईवर ठपका नव्हे. तिच्यासाठी गाडी आणि दवाखाना आधी ठरवायचा, एवढाच तिचा अर्थ.

नागपूर-बेळगावची अजून एक चांगली बातमी याच यादीत. पहिलटकरणींना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून अगदी कमी मात्रेत ॲस्पिरिन दिलं, तर मुदतपूर्व प्रसूती १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आली. सहा देशांतल्या सुमारे १२ हजार बायकांची ही चाचणी २०२० मध्ये छापली गेली. फरक छोटा, पण गोळी काही पैशांची. मात्र ती डॉक्टरनं सांगितली तरच घ्यायची. मेडिकलमधून स्वतः आणायची नाही. रंगीत पट्टीची गोष्ट आठवा.

जाता जाता

शंभर वर्षांत खूण काट्यावरून बोटावर, बोटावरून सोनोग्राफीवर आणि तिथून डीएनएपर्यंत गेली. पण बाळं जिथे वाचली, तिथे दरवेळी खुणेच्या शेजारी एक माणूस उभा होता, ज्याला पुढे काय करायचं ते माहीत होतं. शिरोडकरांकडे टाका होता. गडचिरोलीच्या आरोग्यदूताकडे ऊबदार पिशवी होती. रंगीत पट्टीच्या शेजारी नुसतं इंजेक्शन होतं, आणि ते पुरलं नाही.

तर तुमच्यापैकी कुणाच्या घरात, शेजारी, मैत्रिणींमध्ये नुकतंच कुणाला दिवस राहिले असतील, तर आज दोन कामं करा. फोन हातात आहेच. शेवटच्या पाळीची तारीख त्यात लिहून ठेवा, आणि कार्डावरही लिहून घ्या. सुरुवातीच्या तीन महिन्यांत एक सोनोग्राफी करून घ्या, म्हणजे ती तारीख पक्की होईल. आणि ३७ आठवड्यांच्या आत पोट पुन्हा पुन्हा कडक होत असेल, पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा कंबर सतत दुखायला लागली, तर ‘आठवा आहे, होतं असं’ म्हणत सकाळची वाट बघू नका. १०८ लावा.

हा भाग आवडला तर घरातल्या एका बाईला आणि एका पुरुषाला पाठवा. मुद्दाम दोघांनाही म्हणतोय, कारण रात्री गाडी काढायचं काम बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं. भेटू पुढच्या भागात.